अँजलमन वॉक, टीम 'चल रे भोपळ्या' आणि पैसे मागायचे कसे?

सायली_शिकागो (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे पाककृतींच्या विभागात पडीक असते, आज वेगळ्या कामासाठी धागा काढतेय.

माझ्या मुलीला अँजलमन सिंड्रोम आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ आजार. वय नऊ. खरं नाव इथे देत नाही, घरी आम्ही तिला भोपळी म्हणतो. ती एकही शब्द बोलत नाही. चालते, पण दोन्ही कोपरं वर उचलून, पाय फाकवून, डुलत डुलत. फिट्सची औषधं दोन वेळा. रात्री तीनला उठून टाळ्या वाजवत बसते, मग आम्ही दोघं पाळी लावून तिच्याबरोबर जागतो. पाणी दिसलं की संपलंच, मग तो टब असो, बागेतला फवारा असो नाहीतर शेजारच्या कुत्र्याचं भांडं. आणि हसते. ते हसणं बघून लोक म्हणतात, किती आनंदी आहे हो! आहेच, पण पोट दुखत असलं तरी हसतेच, त्यामुळे दुखणं ओळखायला आम्हाला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

इथे अँजलमन सिंड्रोम फाउंडेशन म्हणून पालकांनी आणि डॉक्टरांनी मिळून १९८८ पासून चालवलेली संस्था आहे. दरवर्षी मे महिन्यात ती अमेरिकेत बऱ्याच शहरांत वॉक भरवते. वॉक म्हणजे काय, तर बागेला एक फेरी. कुणी धावत नाही, कुणी जिंकत नाही. प्रत्येक कुटुंबाची एक टीम, प्रत्येक टीमचं एक वेबपेज, आणि ओळखीपाळखीचे लोक तिथे जाऊन पैसे देतात. ते थेट संस्थेकडे जातात, आमच्या खात्याला शिवतही नाहीत.

आमच्या टीमचं नाव 'चल रे भोपळ्या'. टी-शर्टवर भोपळा आणि त्यातून डोकावणारी म्हातारी. मे महिन्यात भोपळा कशाला, हॅलोविनला अवकाश आहे ना, असं दर अमेरिकन माणूस विचारतो, मग त्याला लेकीकडे जाणारी म्हातारी, वाघ, तूप-रोटी असं सगळं सांगावं लागतं. अर्ध्या देणग्या या गोष्टीच्या जोरावर आल्या असतील.

अडचण आहे ती आपल्याच लोकांकडे मागायची. ऑफिसातल्या लोकांना बिनदिक्कत मेल टाकते. पण इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना 'आमच्या पेजवर २५ डॉलर द्याल का' हे म्हणताना जीभ अडकते. त्यात सासरचे एक ज्येष्ठ म्हणाले, "घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? आपल्याला कमी आहे का काही?" पैसे आमच्यासाठी नाहीत, संशोधनासाठी आणि इतर कुटुंबांसाठी आहेत, हे सांगूनही गाडी पुढे जात नाही.

तर विचारायचंय, तुम्ही कसे मागता? मंडळात स्टॉल लावावा का? भारतातले नातेवाईक द्यायला तयार आहेत, ते कसं करायचं? आणि फ्लायरवर भोपळीचा फोटो टाकावा की नाही, यावरून घरात दोन तट आहेत.


चकलीची_भाजणी

सायली, सलाम आणि मिठी. भोपळीला पापा.

मी इथल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, त्या अनुभवावर सांगते. स्टेजवरून आवाहन अजिबात करू नकोस. निवेदक म्हणतो "अतिशय स्तुत्य उपक्रम", लोक टाळ्या वाजवतात आणि जेवणाच्या रांगेकडे धावतात. रांगेच्या सुरुवातीला टेबल मांड. रांगेत माणूस वीस मिनिटं रिकामा उभा असतो आणि हातात फोन असतोच. क्यूआर कोड मोठा छापून ठेव. भोपळ्याच्या घाऱ्या ठेवल्यास तर दुधात साखर, फक्त बाहेरचे पदार्थ चालतात का हे हॉलवाल्यांना आधी विचार.

दुसरं, रकमेचा आकडा तूच सांग. "यथाशक्ती" म्हटलं की लोक गोंधळतात, कमी दिले तर लाज आणि जास्त दिले तर आगाऊपणा. २१ डॉलर सांग. शेवटी एक असला की मराठी माणूस निमूट देतो :)

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. आपली निम्मी जनता अशा कंपन्यांत आहे आणि तो फॉर्म कुणी भरत नाही. पैसे देणाऱ्याला त्याच दिवशी तो फॉर्म भरायची आठवण कर.


खवचट_सदाशिव

मुलीला शुभेच्छा. राग मानू नका, पण मला हा प्रकार कधीच कळलेला नाही. आजारावर संशोधन हवं, मान्य. त्यासाठी शेकडो लोकांनी बागेत चालून काय होणार? टी-शर्ट, तंबू, केळी, पाण्याच्या बाटल्या यांचा खर्च आधी वजा करा. ज्याला द्यायचे त्याने घरी बसून द्यावेत. मुंबई मॅरेथॉनलाही हेच, चार सेल्फी आणि म्हणे समाजकार्य.


मेपलचं_पान

सदाशिवराव, घरी बसून द्यावेत हे बरोबर, पण घरी बसलेला माणूस देत नाही हो.

मी टोरांटोजवळ राहतो. इथे शाळेतल्या पोरालाही टेरी फॉक्स माहीत असतो. कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला, वय एकवीस. १२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून निघाला आणि कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून १ सप्टेंबरला थंडर बेजवळ थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये गेला. सुरुवातीला त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याचं मागणं होतं कॅन्सरच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर, आणि १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत जमलेला निधी २.४ कोटी डॉलरच्या वर गेला होता. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवढीच होती.

कंपन्यांनी त्याच्या नावावर आपला माल विकलेला त्याला चालत नव्हता. त्याच्या नावाच्या रनमध्ये आजही नंबर काढत नाहीत. मुंबईतही टेरी फॉक्स रन होत आली आहे.

हाच माणूस हॅमिल्टनच्या एखाद्या हॉलमध्ये भाषण करत बसला असता तर?


खवचट_सदाशिव

टेरी फॉक्स अपवाद आहे. तो पाच हजार किलोमीटर धावला. इथे बागेला एक फेरी आहे.


सायली_शिकागो

सदाशिवकाका, राग अजिबात नाही. लग्न झालं तेव्हा माझा नवराही हेच म्हणायचा.

खर्चाचं म्हणाल तर अशा संस्थांना इथे दरवर्षी सरकारकडे फॉर्म ९९० भरावा लागतो. तो कुणालाही बघता येतो. किती जमले, किती कार्यक्रमांवर गेले, किती पगारावर, सगळं त्यात असतं. मी स्वतः वाचते, तुम्हीही द्यायच्या आधी वाचा. जी संस्था तो दाखवायला टाळाटाळ करेल तिला एक पैसा देऊ नका.

आणि फेरी बागेची एकच असते कारण आमच्या मुलांना तेवढीच झेपते. भोपळी निम्मी चालते, निम्मी व्हीलचेअरमध्ये. मॉलमध्ये तिने कुणाचे केस ओढले (ही मुलं ओढतात, मिठी मारायच्या नादात) की मी पंधरा वेळा माफी मागते. वॉकला तिने एका बाईची वेणी धरली. त्या बाईने न बघताच मागे हात नेला, सराईतपणे एकेक बोट सोडवलं आणि नवऱ्याशी बोलणं चालू ठेवलं. तिचा मुलगा तिशीचा होता. तिशीतला अँजलमन असलेला माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. ही मुलं पुढे मोठी होतात, आयुर्मान जवळपास सर्वसाधारण असतं आणि सांभाळ जन्मभराचा, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तो दाढीवाला मुलगा आईच्या हाताला धरून हसत चाललेला बघणं वेगळं. घरी बसून चेक पाठवला असता तर हे कुठे दिसलं असतं?


पेशीकेंद्रक

जनुकशास्त्रात काम करतो म्हणून थोडी माहिती देतो. पैशाचं काय होतं हा प्रश्न वाजवी आहे.

हॅरी अँजलमन हा इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा बालरोगतज्ज्ञ. त्याच्याकडे तीन मुलं आली होती, लक्षणं सारखी, निदान काही होईना. इटलीत सुट्टीवर असताना व्हेरोनाच्या कास्टेलव्हेक्किओ संग्रहालयात त्याने हातात चित्र धरून हसणाऱ्या एका मुलाचं तैलचित्र पाहिलं आणि या तिघांवर लिहायचं त्याच्या मनाने घेतलं. १९६५ मध्ये लेख आला, 'पपेट चिल्ड्रन', म्हणजे कळसूत्री मुलं. पालकांना ते नाव अर्थातच आवडलं नाही, पुढे अँजलमन सिंड्रोम रूढ झालं. साधारण १२ ते २० हजारांत एका मुलाला होतो.

दोष १५व्या गुणसूत्रावरच्या यूबीई३ए या जनुकात. हे १९९७ मध्ये कळलं. गंमत अशी की मेंदूच्या पेशींत या जनुकाची आईकडून आलेली प्रतच चालते, वडिलांकडची गप्प केलेली असते. घरात दोन गॅस सिलिंडर आहेत, एक शेगडीला जोडलेला आणि दुसरा भरलेला पण सीलबंद, असं समजा. बहुतेकांना त्याने फरक पडत नाही. पण जोडलेलाच रिकामा निघाला तर स्वयंपाक बंद. सुमारे ७० टक्के मुलांत आईकडच्या गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो. बहुतेकदा हे आपोआप घडतं, आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय केलं याचा काडीचा संबंध नाही. (हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे सुनेला काय काय ऐकावं लागतं ते माहीत आहे.)

मग वडिलांकडचं सील तोडता येईल का? २०११ च्या अखेरीस उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगात ते जमू शकतं हे दिसलं. त्यावरून पुढे गेलेली औषधं आज माणसांवरच्या चाचण्यांत आहेत, मणक्यातून दिली जातात. सगळं सुरळीत झालं असं नाही. २०२० मध्ये एका चाचणीत पाच मुलांच्या पायांतली ताकद तात्पुरती गेली, चाचणी थांबवली, नंतर कमी मात्रेने पुन्हा सुरू केली.

अशा आजारात मोठी कंपनी पहिल्या दिवशी येत नाही. प्रयोगशाळेतलं सुरुवातीचं काम, रुग्णांची नोंदवही, 'सुधारणा झाली' हे मोजायचं कशाने याच्या पट्ट्या, यावर पैसे घालायला पालकांच्या संस्थाच पुढे येतात. त्या बागेतल्या फेऱ्यांतून हे चालतं.


खवचट_सदाशिव

पेशीकेंद्रक, उत्तम प्रतिसाद. सिलिंडर पटला.

पण मग पुढचा प्रश्न. पालकांनी वर्गण्या काढून सुरुवात करून द्यायची, पुढे कंपनी औषध आणणार आणि किंमत लावणार सोळा कोटी. स्नायूंच्या त्या आजाराच्या (एसएमए) इंजेक्शनसाठी आपल्याकडे घरोघरी डबे फिरले ते आठवत असेलच. तेव्हा पुन्हा चालायचं का?


पेशीकेंद्रक

याला माझ्याकडे उत्तर नाही. काही संस्था आता संशोधनाला पैसे देताना करारातच पुढच्या नफ्यातला वाटा किंवा इतर अटी घालतात. पण नाशिकच्या मुलाला ते औषध परवडेल का, याची हमी त्यात नसते.


गोदाकाठची_आई

नाशिकचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, अँजलमनच. कित्येक वर्षं फाइलवर सेरेब्रल पाल्सी लिहिलेलं होतं. मग एका तरुण डॉक्टर बाईंनी त्याला हसताना आणि चालताना बघितलं आणि मेथिलेशनची रक्तचाचणी (अँजलमन ओळखायची जनुकीय चाचणी) करायला सांगितली.

सायलीताई, तुमचं ते वेणीचं वाचलं आणि दोनदा वाचलं. मला अजून दुसरं अँजलमनचं मूल प्रत्यक्ष भेटलेलं नाही. फोनवरच्या ग्रुपवर आहेत, कुणी बंगळुरू, कुणी कोलकाता. औषध येईल तेव्हा येईल. मला माझ्यासारख्या चार आया हव्या आहेत ज्यांना रात्री तीन वाजता टाळ्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

१५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय अँजलमन दिवस असतो (१५वं गुणसूत्र म्हणून १५ तारीख). तेव्हा गोदापार्कवर छोटा वॉक करावा असं मनात आहे. अँजलमनचीच मुलं हवीत असं नाही, कुठल्याही दुर्मीळ आजाराची कुटुंबं चालतील. पैसे जमले तर एखाद्या घराच्या थेरपीला. कसं करायचं?


ताळेबंद

व्यवसायाने सीए. दोन्ही ताईंना एकत्र उत्तर देतो. कंटाळवाणं आहे पण वाचा.

गोदाकाठताई, आधी तुमचं. पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर गोळा करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम आली की ती सगळीच तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, हेतू कितीही चांगला असो. शिवाय नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. त्यापेक्षा शहरात दिव्यांग मुलांसाठी काम करणारा, ८० जी (देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) असलेला न्यास गाठा, पैसे त्यांच्या खात्यात घ्या, पावत्या त्यांच्या. त्यांच्याशी दोन ओळींचं पत्र करून घ्या की ही रक्कम अमुकच कामाला वापरायची. देणाऱ्यांना सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिली तर ८० जीची सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही. रस्ता किंवा उद्यान वापरणार म्हणजे पालिका आणि पोलीस, दोघांची लेखी परवानगी.

परदेशातून कुणी देऊ म्हणालं तर थांबा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, विदेशीच. त्यासाठी न्यासाकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. हौसेने घेतलेले पन्नास डॉलर न्यासाला महागात पडतात.

सायलीताई, तुमच्या भारतातल्या नातेवाइकांनी तुमच्या पेजवर कार्डाने दिले तर चालेल, पण इथे ८० जी मिळणार नाही. हजार-दोन हजारांसाठी कुणी ती बघतही नाही. माझं मत विचाराल तर त्यांना गोदाकाठताईंच्या वॉकला द्यायला सांगा.


चकलीची_भाजणी

ताळेबंद यांना +१००. शेवटच्या वाक्याला आणखी १००.


मनस्विनी_ठाणे

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी विशेष शिक्षिका आहे. माझं स्पष्ट मत, टाकू नका. मुलगी नऊ वर्षांची आहे, बोलू शकत नाही, होय-नाही सांगू शकत नाही. तिचा चेहरा देणगी मागायला कायमचा नेटवर जाणार. त्यात आपल्याकडच्या पत्रकांवर फोटो निवडतातच असे की बघणाऱ्याच्या घशात आवंढा यावा, नाकात नळी, कोपऱ्यात रडणारी आई. लोक देतात, नाही असं नाही. पण उद्या तीच मुलगी बागेत दिसली की 'अरेरे, ती पत्रकावरची' म्हणतात.


सायली_शिकागो

मनस्विनीताई, माझंही असंच होतं, पण नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, लपवायचं तर मग सासरचे काका बरोबरच होते की. चेहरा दिसला नाही तर लोक 'सिंड्रोम'ला घाबरतात, भोपळीला बघितलं की घाबरत नाहीत. तिचा बागेत फवाऱ्याखाली तोंड उघडून उभी असलेला फोटो आहे. त्यात कीव येण्यासारखं काहीच नाही, उलट हेवा वाटेल.


गोदाकाठची_आई

मी पण टाकते फोटो. शाळेच्या गॅदरिंगचा टाकते, पगडीवाला. आमच्या सोसायटीत त्याला सगळे नावाने हाक मारतात ते त्यामुळेच. मनस्विनीताईंचं पटतं, पण खेड्यातल्या एखाद्या आईने तो फोटो बघून 'हे तर आमच्यासारखंच' म्हटलं तर तिची वर्षं वाचतील. माझी गेली.


मनस्विनी_ठाणे

हा मुद्दा मी धरला नव्हता. मग निदान इतकं करा, पूर्ण नाव, शाळा, पत्ता असं काहीही फोटोबरोबर नको. आणि फोटोखाली 'या चिमुकलीला जगायचंय' छापाची वाक्यं नकोत.

गोदाकाठताई, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय का? नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना घेतली आहे का? बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांत ही मुलं बसतात. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. मुलगा अठराचा झाला की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागेल. आई म्हणून ते आपोआप चालू राहत नाही. वॉकला आलेल्या पालकांना याची माहिती द्यायला एक टेबल ठेवा, मी ठाण्याहून येते.


घाटमाथा

फक्त माहितीसाठी. दुर्मीळ आजारांसाठी चालणं आपल्याकडे नवीन नाही. ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया ही संस्था २०१६ पासून बंगळुरूत 'रेसफॉर७' भरवते, सात हजार आजार म्हणून सात किलोमीटर. नंतर इतर शहरांतही सुरू झालं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दुर्मीळ आजार दिन असतो, त्याच्या आसपास. तसंच केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार देणगीसाठी सरकारी पोर्टल आहे, तिथे रुग्णालय निवडून पैसे देता येतात, आपल्याकडचं मुंबईचं केईएम त्यात आहे. पण धोरणाची यादी मुख्यतः ज्यावर काही ना काही उपचार निघालाय अशा आजारांची. अँजलमनवाल्यांना त्याचा आज फारसा उपयोग नाही.


खवचट_सदाशिव

गोदाकाठताई, नाशिकला माझी मेहुणी असते. पालिकेतले कागद तिच्या यजमानांकडून लवकर हलतील. व्यनि (खासगी निरोप) केला आहे. मी चालणार नाही, गुडघे गेलेत. खुर्ची टाकून पावत्या फाडायला बसेन.


सायली_शिकागो

काका!! आता भोपळ्याचा टी-शर्ट तुम्हाला पाठवल्याशिवाय राहत नाही.

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. मंडळात स्टेज नाही, रांगेपाशी टेबल. आकडा २१. फवाऱ्याचा फोटो, नाव नाही. भारतातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना, त्या ज्येष्ठांसकट, नाशिकच्या वॉकचा तपशील आला की पाठवते.

शिकागोकर कुणी येणार असतील तर दोन सूचना. फुगे आणि चमकी आणू नका, आमची मुलं सगळं तोंडात घालतात. आणि केस लांब असतील तर घट्ट अंबाडा.


चकलीची_भाजणी

अंबाड्याची नोंद घेतली. घाऱ्या मी आणते. टी-शर्ट एक्सएलमध्ये आहे का? आमच्या ह्यांना एल म्हटलं की राग येतो आणि एल बसत नाही.